उमऱ्याची बॅग आणि काउंटरवरचा भुर्दंड: नियम कोणाचे, चूक कोणाची?

चौसाळ्यात कोणाच्या घरी उमऱ्याची तयारी चालली आहे हे ओळखणं अवघड नाही. जाण्याच्या आदल्या दिवशी धान्य तोलायचा काटा त्या घराच्या ओसरीत आलेला असतो. बॅग काट्यावर नीट बसत नाही. मग घरातलं एखादं पोरगं आधी एकटंच काट्यावर उभं राहतं, नंतर बॅग उचलून उभं राहतं आणि दोन्ही आकड्यांची वजाबाकी करतं. शेजारपाजारचे दुआची विनंती करायला आलेले असतात, तेही हिशोबात भाग घेतात. कोणी म्हणतं तीस किलो चालतं, कोणी म्हणतं चाळीस. प्रत्येकाकडे कोणत्या तरी हाजीसाहेबांचा दाखला असतो.

आमच्या घरातून चौघं गेलो तेव्हा हेच झालं. जाताना काही अडलं नाही. परतताना जेद्दाच्या काउंटरवर बॅगा ठेवल्या आणि पलीकडच्या मुलाने मान हलवली. जाताना माणशी तीस किलो होतं, येताना वीसच. एजंटने स्वस्त पडावं म्हणून जाण्याचं तिकीट एका कंपनीचं आणि येण्याचं दुसऱ्या कंपनीचं काढलं होतं. तिकिटाचा कागद आमच्याच खिशात होता, आकडाही त्यावर छापलेला होता. पण तो इंग्रजीत, बारीक अक्षरात, आणि आम्हाला कोणी सांगितलेला नव्हता.

जादा वजनाचे पैसे रियालमध्ये मागितले. एवढे रियाल उरले नव्हते. मागे रांग वाढत होती. आम्ही तिथेच फरशीवर बॅगा उघडल्या. अम्मीने मोहल्ल्यासाठी घेतलेल्या जानमाज आणि खजुराचे डबे बाहेर काढले, जवळ झाडू घेऊन उभ्या असलेल्या एका परदेशी कामगाराच्या हातात दिले आणि एवढंच म्हणाली, "उनके नसीब का था." तरीही थोडे पैसे भरावेच लागले. ते सोबतच्या एका मुसाफिराकडून उसने घेतले.

ही गोष्ट रडगाणं म्हणून सांगत नाही. आपल्या भागातून जाणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या कुटुंबाकडे असा एखादा किस्सा आहे. सोयाबीनच्या पट्टीतून, भिशीतून, मुलाच्या पगारातून वर्षानुवर्षे साठवून लोक हा प्रवास करतात. त्या प्रवासाचा शेवट शरमेत आणि उसनवारीत व्हावा, हे आम्हाला पटत नाही. म्हणून नियम नेमके काय आहेत, ते असे का आहेत आणि आपण काय करू शकतो, ते नीट पाहायला हवं.

हजला एक रीत, उमऱ्याला दहा

आधी एक फरक समजून घेऊ. हज कमिटीमार्फत जाणाऱ्या हाजीला किती बॅगा, किती किलो, किती लांबी-रुंदी, बॅगेवर नाव आणि कव्हर नंबर कुठे लिहायचा, हे सगळं आधी सांगितलं जातं. प्रशिक्षण शिबिरं होतात. जमजमही साधारणपणे परतल्यावर भारतातल्या विमानतळावरच पाच लिटरचा कॅन म्हणून हातात मिळतं. हज कमिटीमागे २००२ चा कायदा आहे, सरकारी यंत्रणा आहे.

उमऱ्याचं तसं नाही. तो वर्षभर चालतो, खासगी एजंटमार्फत होतो आणि प्रत्येक ग्रुपचं तिकीट वेगळं असतं. एका ग्रुपला जे चाललं ते दुसऱ्याला चालेलच असं नाही. आपल्याकडे मात्र ऐकीव माहितीवर बॅग भरली जाते. चाचा हजला गेले होते तेव्हा एवढं नेलं होतं, हा आपला पुरावा. इथेच पहिली गफलत होते.

मराठवाड्याची अडचण आणखी वेगळी आहे. आपल्याकडून नियमित आंतरराष्ट्रीय विमान नाही. हजसाठी छत्रपती संभाजीनगरचा (औरंगाबादचा) पर्याय होता, पण २०२३ मध्ये तिथून जाणं मुंबईपेक्षा सुमारे ८८ हजार रुपयांनी महाग पडलं आणि अनेकांनी मुंबईच गाठली. उमऱ्याला तर मुंबई नाहीतर हैदराबाद. मुंबईच्या माणसाची बॅग काउंटरवर जड भरली तर तो बाहेर थांबलेल्या भावाच्या हातात चार वस्तू परत देतो. चौसाळ्याचा माणूस मांजरसुंबा, बीड, नगर करत रात्रभराचा, चारशे किलोमीटरचा प्रवास करून आलेला असतो. त्याची वस्तू परत न्यायला कोणी नसतं. तीच चूक आपल्याला जास्त महाग पडते.

किलो की नग?

विमान कंपन्या सामान दोन पद्धतींनी मोजतात. एक वजनाची पद्धत: एकूण तीस किलो, मग बॅगा एक असो की दोन. दुसरी नगाची पद्धत: दोन नग, प्रत्येकी तेवीस किलो, असं काहीतरी. नगाच्या पद्धतीत एक बॅग अठ्ठावीसची आणि दुसरी अठराची असेल तर बेरीज बरोबर असूनही पहिल्या बॅगेचा दंड लागू शकतो. वजनाच्या पद्धतीत दोन बॅगांऐवजी तीन केल्या तर कंपनी कधी हरकत घेते, कधी नाही. ते तिकिटाच्या अटीत असतं.

एकच बॅग बत्तीस किलोपेक्षा जड असेल तर ती बहुतेक ठिकाणी घेतच नाहीत, पैसे भरायची तयारी असली तरी. ती उचलणारा हमालही माणूस आहे, त्याच्या पाठीसाठी ही मर्यादा आहे. हा नियम आम्हाला तरी मान्य आहे.

घरातल्या सगळ्यांचं तिकीट एकाच पीएनआरवर असेल आणि पद्धत वजनाची असेल, तर अनेक कंपन्या सर्वांचं वजन एकत्र धरतात. अम्मीची बॅग पंचवीसची आणि मुलाची पंधराची, तरी हिशोब जुळतो. पण एजंटने तिकिटं वेगवेगळ्या पीएनआरवर काढली असतील तर हा फायदा जातो. आणि वाटेत विमान बदलायचं असेल व दोन्ही टप्पे स्वतंत्र तिकिटांवर असतील, तर प्रत्येक कंपनी आपापला नियम लावते. एकाच तिकिटावर सगळा प्रवास असेल तर सहसा एकच नियम शेवटपर्यंत चालतो. म्हणून "तिकीट केवढ्याला?" या प्रश्नाइतकाच "तिकीट एक की दोन?" हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

स्वस्त तिकिटाचं गणित

पूर्वी तिकिटाच्या पैशात सामान आलंच, असं धरलं जायचं. तेलाचे भाव भडकले त्या २००८ साली अमेरिकन एअरलाइन्सने पहिल्याच बॅगेला १५ डॉलर लावले आणि बाकीच्या कंपन्या त्याच वाटेने गेल्या. आता जगभर तिकिटाचे तुकडे झाले आहेत. बसायचे वेगळे, बॅगेचे वेगळे, जेवणाचे वेगळे. जाहिरातीतला आकडा छोटा दिसतो, उरलेलं काउंटरवर वसूल होतं.

कंपन्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. वजन वाढलं की इंधन जास्त लागतं. छोट्या विमानाच्या पोटात जागाही कमी असते. ज्याच्याकडे बॅगच नाही त्याने दुसऱ्याच्या बॅगेचे पैसे का भरावेत, हा प्रश्नही रास्त आहे. आमचा आक्षेप दराला आहे आणि वेळेला आहे. तेच दहा किलो आधी ऑनलाइन घेतले तर साधारणपणे स्वस्त मिळतात, काउंटरवर त्याच किलोचा भाव कितीतरी चढतो. तिथे माणूस अडलेला असतो. विमान सुटायला दीड तास उरलेला असतो. अडलेल्या माणसाकडून जास्त घेणं याला आपल्या गावात काय म्हणतात ते वेगळं सांगायला नको.

सरकारने यात हात घालून पाहिला नाही असं नाही. देशांतर्गत प्रवासात पंधरा ते वीस किलोपर्यंतच्या जादा वजनाला किलोमागे १०० रुपयांपेक्षा जास्त घेऊ नये, असा नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१६ मध्ये आणला. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द केला. युरोपात वेगळं घडलं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं की मोठ्या बॅगेचे वेगळे पैसे घेता येतील, पण वाजवी आकाराची हातातली बॅग ही प्रवासाची गरज आहे, तिला दर लावता येणार नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पेन सरकारने हँडबॅगेसह अशा वसुलीबद्दल पाच स्वस्त विमान कंपन्यांना मिळून १७.९ कोटी युरोचा दंड ठोठावला. म्हणजे ग्राहकांनी आवाज केला तर सरकारं ऐकतात.

जमजमची २०१९ ची गोष्ट

आवाज केला की ऐकलं जातं, याचा दाखला आपल्याच समाजाचा आहे. जुलै २०१९ मध्ये एअर इंडियाने एक परिपत्रक काढलं. जेद्दाहून हैदराबाद-मुंबई आणि कोचीला येणाऱ्या विमानांवर मोठ्याऐवजी छोटी विमानं लावली होती, म्हणून काही महिने जमजमचे कॅन घेतले जाणार नाहीत, असं त्यात होतं. हजचा हंगाम तोंडावर होता. देशभरातून नाराजी उमटली. काही दिवसांतच कंपनीने खुलासा केला: ठरलेल्या वजनाच्या मर्यादेत जमजम आणता येईल. गैरसोयीबद्दल माफीही मागितली.

या प्रसंगातून दोन गोष्टी दिसतात. नियमामागे कधी कधी खरंच विमानाच्या आकारासारखं साधं कारण असतं, प्रत्येक वेळी कोणी मुद्दाम त्रास देतंय असं समजू नये. आणि दुसरी, नियम दगडावरची रेघ नसतो. एकत्र येऊन सभ्य शब्दांत विचारलं तर तो बदलतो.

आज बहुतेक कंपन्या उमऱ्याहून येणाऱ्याला पाच लिटरचा एक सीलबंद कॅन आणू देतात. काही तो वजनाच्या बाहेर धरतात, काही आत. हे आधी विचारायलाच हवं. पण जमजम सुटकेसमध्ये कपड्यांत गुंडाळून ठेवणं सौदीत चालत नाही. बाटल्या सापडल्या की बॅग उघडली जाते. अधिकृत खोक्यातलं सीलबंद पॅकिंगच घ्यावं. हँडबॅगेत तर आंतरराष्ट्रीय प्रवासात १०० मिलिलिटरपेक्षा मोठी द्रवाची बाटली नेताच येत नाही, मग ती जमजमची असो की अत्तराची.

खोबरं, खसखस आणि दोरी

वजन हा एकच नियम नाही. सुरक्षेचे नियम वेगळे, देशाचे वेगळे, विमानतळाचे वेगळे. आपल्या घरांतून नेमक्या अडणाऱ्या वस्तू सांगतो.

सुकं खोबरं: शिरखुर्म्यासाठी, मसाल्यासाठी आपण ते सहज बांधून देतो. पण त्यात तेल भरपूर असतं आणि ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. विमान वाहतुकीत धोकादायक मालाच्या यादीत सुक्या खोबऱ्याला १३६३ हा क्रमांक आहे. मुंबईला अशा बॅगा उघडून खोबरं काढून घेतलं जातं.

खसखस: आपल्याकडे किराण्यात मिळते, आखाती देशांत ती अफूशी जोडलेली म्हणून बंदीच्या यादीत आहे. चिमूटभरही नेऊ नये. गुटखा, खैनीही नाहीच.

औषधं: डॉक्टरांची चिठ्ठी सोबत, मूळ पाकिटात आणि गरजेपुरतीच. गोळ्या सुट्या करून डबीत भरून नेऊ नयेत.

पॉवर बँक: ती मोठ्या बॅगेत कधीच नाही, हँडबॅगेतच. मर्यादा १०० वॅट-अवर. बाजारात मिळणारी वीस हजार एमएएचची पॉवर बँक सहसा या मर्यादेत बसते.

दोरीने बांधलेली बॅग: आपल्याकडे चेनवर भरवसा नाही, म्हणून नवारीने किंवा सुतळीने बॅग आवळतात. वर जुनी चादर शिवतात. जेद्दाच्या विमानतळावर दोरीने बांधलेलं, कापडात गुंडाळलेलं आणि गोल गाठोड्याच्या आकाराचं सामान घेत नाहीत. यंत्राच्या पट्ट्यावर ते अडकतं. सपाट बाजूंची बॅग घ्यावी, वर रंगीत पट्टी लावावी म्हणजे ओळखूही येते.

आणि सर्वांत महत्त्वाचं, एहराम हँडबॅगेतच हवा. विमान थेट जेद्दाला जाणार असेल तर मीकात हवेतच येते. एहरामच्या चादरी विमानाच्या पोटात गेल्या आणि माणूस वर शर्ट-पँटमध्ये बसला, असे प्रसंग घडले आहेत. हँडबॅग साधारण सात किलोची, एकच. तिच्यात एहराम, औषधं, कागद, पैसे आणि एक जोड कपडे, एवढंच ठेवावं.

दुसऱ्याचं पाकीट

आपल्याकडे कोणी जेद्दा, रियाधला निघालं की अर्धं गाव पार्सल आणून देतं. तिथे नोकरीला असलेल्या मुलासाठी लोणचं, गोळ्या, मसाला. नाही म्हणणं जड जातं. अमानत पोहोचवणं पुण्याचं आहे, पण बंद पाकिटाची अमानत घेऊ नये.

२०१९ मध्ये मुंबईच्या एका तरुण जोडप्याला दोहाच्या विमानतळावर पकडलं गेलं. त्यांच्या सामानात चार किलोहून अधिक चरस निघालं. जवळच्या नातेवाईकाने विश्वासाने दिलेलं ते पाकीट होतं. दोघांना दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली. पत्नी गरोदर होती, बाळ तुरुंगात जन्मलं. भारतातल्या अमली पदार्थविरोधी पथकाने तपास करून त्यांची फसवणूक झाल्याचं दाखवलं, तेव्हा ते निर्दोष सुटले आणि एप्रिल २०२१ मध्ये घरी परतले. तोवर पावणेदोन वर्षं गेली होती.

काउंटरवर "ही बॅग तुम्हीच भरली का?" असा प्रश्न येतो, तो उगाच नसतो. बॅगेवर ज्याच्या नावाची पट्टी, जबाबदारी त्याची. मामूचं असो की शेजाऱ्याचं, पाकीट समोर उघडावं, पाहावं, मगच ठेवावं. ज्याला राग येईल त्याला येऊ द्यावा.

बॅग आलीच नाही तर

इथे मात्र कायदा आपल्या बाजूला आहे, फक्त तो आपल्याला माहीत नसतो. १९९९ चा माँट्रियल करार भारताने २००९ मध्ये स्वीकारला, सौदी अरेबियाही त्यात आहे. त्यानुसार आंतरराष्ट्रीय प्रवासात बॅग हरवली, फुटली किंवा उशिरा आली तर कंपनी जबाबदार असते. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून माणशी १,५१९ एसडीआर झाली. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक आहे. रुपयांत ही मर्यादा दीड ते दोन लाखांच्या दरम्यान येते. एवढे पैसे आपोआप मिळत नाहीत, नुकसान दाखवावं लागतं.

त्यासाठी विमानतळ सोडण्याआधीच कंपनीच्या खिडकीवर लेखी तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी. बॅग फुटली असेल तर ७ दिवसांच्या आत, उशिरा मिळाली असेल तर मिळाल्यापासून २१ दिवसांच्या आत लेखी कळवावं लागतं. २१ दिवसांत बॅग आलीच नाही तर ती हरवली असं धरून दावा करता येतो. दाव्याची मुदत दोन वर्षं. थकून घरी यायचं, दोन दिवस पाहुण्यांत घालवायचे आणि मग आठवायचं, असं केलं तर हक्क बुडतो. बॅग देताना चिकटवलेली छोटी पावती म्हणूनच जपून ठेवावी.

एजंटने एक सांगितलं आणि दिलं दुसरं, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. चौसाळ्याच्या माणसाला त्यासाठी मुंबईला जायची गरज नाही, बीड पुरे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबरही आहे. पण आयोग कागद पाहतो. "एजंट बोलला होता" याला तिथे किंमत नाही.

मग करायचं काय?

आमची मागणी साधी आहे. उमऱ्याच्या प्रत्येक एजंटने पैसे घेतानाच एक पानभर कागद मराठीत किंवा उर्दूत द्यावा. त्यावर जाताना किती किलो, येताना किती किलो, नग किती, हँडबॅग केवढी, जमजम वजनात की बाहेर, तिकीट एक की दोन, एवढंच लिहावं आणि खाली सही करावी. जो एजंट हे द्यायला कां-कू करतो, त्याच्या स्वस्त पॅकेजमध्ये काय दडलंय ते समजून घ्यावं.

मशिदींच्या जबाबदार मंडळींनाही विनंती आहे. उमऱ्याला जाणाऱ्यांना तवाफ आणि सईची माहिती आपण देतो. त्याच बैठकीत अर्धा तास बॅगेसाठीही ठेवावा. गावात पदवीधर मुलं-मुली आहेत, इंग्रजी तिकीट वाचून सांगणं त्यांना पाच मिनिटांचं काम आहे. सवाबही मिळेल.

आणि शेवटी आपल्याकडेही पाहायला हवं. आपण इबादतीला जातो आणि परतताना बाजार उचलून आणतो. प्रत्येक घराला जानमाज, प्रत्येक पोराला खेळणं, प्रत्येक खालाला अबाया. न आणलं तर लोक काय म्हणतील, ही भीती. ते दहा जादा किलो बहुतेक वेळा या भीतीचेच असतात. खजूर बीडच्या बाजारातही मिळतात. शेजाऱ्याला घोटभर जमजम आणि दोन खजूर दिले तर तो नाराज होत नाही, झाला तर ती त्याची गोष्ट.

पुढच्या महिन्यात आमच्या गल्लीतून आणखी एक कुटुंब निघतंय. काटा ओसरीत येईलच. या वेळी आम्ही काट्याआधी तिकीट मागितलं आहे.